आवाजाची बटणं

"अहो, आहात ना?" खाटेवरून बायकोनं विचारलं.

लिलाववाल्यानं हातातल्या फोनवरचं एक बटण दाबलं. "हो, हो!" फोनमधून त्याचाच आवाज आला, गळ्याचं ऑपरेशन होण्याआधीचा, खणखणीत. बायको गालात हसली. तिला दिसणं कधीच बंद झालं होतं, त्यामुळे लिहून दाखवण्याची सोय नव्हती. आणि सकाळीच डॉक्टर तिला तपासून नुसती मान हलवून गेले होते.

"एकदा नावानं हाक मारा की. उभ्या जन्मात मारली नाहीत."

तो बटणं वरखाली करत राहिला. पाणी दे. चहा टाक. दार लावून घे. दुखतंय. दिवा बंद कर. जन्मभर त्यानं भाजीबाजारात लिलाव पुकारले. तिथे त्याच्या तोंडाचा पट्टा चालायचा, तिसऱ्या पुकाराला माल गेलाच म्हणून समजा. घरी आला की मात्र मूग गिळून बसायचा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लेकीनं हे अ‍ॅप बनवलं, त्यात त्याच्या आवाजातलं एकेक वाक्य भरलं, तेव्हाही त्यानं आपलंच घोडं पुढे दामटलं. "बाबा, आईचं नाव घ्या ना," ती म्हणाली होती. "कशाला? 'अगं' म्हटलं की येते ती." झालं, विषय संपला.

आता त्यानं शेजारी उभ्या लेकीचा हात धरला, आधी फोनकडे बोट केलं, मग खाटेकडे.

"नाही हो बाबा," ती रडवेली झाली. "तुम्ही तेव्हा जेवढं बोललात, तेवढंच आहे यात." तरी तिनं आईचं नाव टाइप केलं आणि फोनकडून वदवून घेतलं. गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज.

"हा कोण मेला?" आई चिडली. "परक्याच्या तोंडी माझं नाव कशाला? ह्यांना बोलू दे."

त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. शेवटी त्यानं त्यातल्या त्यात जवळचं बटण दाबलं.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकतेय. बोला."

पुढचं बटणच नव्हतं. त्यानं पुन्हा तेच दाबलं.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकतेय हो." तिचा आवाज खोल गेला होता, पण कान त्याच्याकडेच होता. "बोला ना."

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो बराच वेळ बायकोचा हात कुरवाळत बसला. मग त्यानं तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"अगं, ऐकतेस का?" भरबाजारात पुकारावं तसा आवाज खोलीभर घुमला.

या वेळी खाटेवरून 'ऐकतेय' आलं नाही.