पाठमोरा घाट

"घाट म्हणजे माझ्या गाडीला डाव्या हातचा मळ," अशी फुशारकी भालचंद्रने सकाळीच वाईत सासऱ्यांपुढे मारली होती. लढाईनंतरच्या लिलावात स्वस्तात मिळालेली ती मोटार पसरणीच्या घाटात अडली. पेट्रोल रेशनचं, जेमतेम, आणि टाकी मागे. चढावर ते इंजिनापर्यंत पोचेचना.

शेवटी टाकी वरच्या बाजूला यावी म्हणून गाडी फिरवून, नव्या नवरीला शेजारी बसवून, हा वीर रिव्हर्समध्ये घाट चढू लागला. मान अवघडली. खालून सासरे पाहत असतील तर जावई परत येतोय समजून चहाचं आधण ठेवतील.

निघताना रडलेली शालिनी मात्र एकटक समोर पाहत होती. काचेतून घाटभर तिची वाई दिसत होती.

पठारावर त्याने घाईने गाडी सरळ केली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आणखी थोडं उलटंच नाही का जाता येणार?"