लिहून देणार

"एवढं वाचायचं कशाला, मीरासाहेब? अंगठा घ्या आन् मोकळं करा आम्हाला," हौसराव तिसऱ्यांदा म्हणाला.

मीरासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. शिरूरच्या रजिस्टर कचेरीबाहेर पत्र्याखाली बसून ते तीस वर्षं दस्त लिहीत होते. अंगठेबहाद्दर माणसाला दस्त अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा आणि मगच खाली 'वाचून दाखवले' असं लिहायचं, हा त्यांचा नेम. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तरी सुटला नव्हता. हौसरावाला हे ठाऊक असतं तर तो त्यांच्या टेबलाकडं फिरकलाही नसता. पण त्याचा नेहमीचा लेखनिक नेमका आज लग्नाला गेला होता. त्या मेल्यालाही आजच जायचं होतं!

समोरच्या बाकड्यावर बाई बसली होती. साठीची, उन्हानं रापलेली. अंगावर कोरं पातळ, अजून घडीच्या रेघा न मोडलेलं.

"हे हक्कसोडपत्र," मीरासाहेब म्हणाले. "लिहून देणार, तुळजाबाई, राहणार पाटस. लिहून घेणार, तिचा भाऊ हौसराव, राहणार न्हावरे. वडिलांच्या चार एकरांत बहिणीचा निम्मा हिस्सा. तो बहीण भावाला सोडून देतेय. समजलं, आक्का?"

"निम्मा म्हंजी दोन एकर?"

"व्हय. बागायत."

बाईनं गर्रकन हौसरावाकडं मान वळवली. "मला तर पडीक माळ म्हणून सांगितलंस!"

"तुम्ही जरा गप बसा हो!" हौसराव तिच्यावर खेकसला, मग आवाज उतरवला. "गप की, आक्का. बोलू मागनं."

"पुढं वाचा," बाई मीरासाहेबांना म्हणाली.

"'विनामोबदला'. म्हणजे फुकट. बदल्यात तुम्हाला काहीही मिळणार नाही."

"आन् ह्ये पातळ?"

"ते दस्तात नाही."

"त्ये बी आजच्यापुरतंच हाय," बाई फणकारली.

मीरासाहेबांनी चष्मा नाकावर सारला. बहिणीला चोळी-पातळ करून अंगठा घेणारे भाऊ त्यांनी ढिगानं पाहिले होते. पण पातळसुद्धा परत मागणारा हा पहिलाच. ह्याला माणूस म्हणायचं का कोण!

"'निरंतर, वंशपरंपरा'," त्यांनी मुद्दाम सावकाश वाचलं. "म्हणजे उद्या तुमची पोरं, नातवंडं, कुणीही ह्या जमिनीवर हक्क सांगायला आलं तर कोर्ट त्यांना दारात उभं करणार नाही."

"पोरांच्या तोंडचा घास बी काढला?" बाई ताडकन उभी राहिली. "पोरं किती हायत रं बहिणीला? नावं सांग बरं."

हौसराव बोटं मोजू लागला. "दोन... न्हाई, तीन."

"नावं?"

हौसराव टेबलावरच्या डब्यातल्या टाचण्या चिवडू लागला.

"बहिणीच्या दारात शेवटचा कवा गेला हुतास? भाऊबीजेला तरी?"

"मीरासाहेब, उरका की! कचेरी बंद व्हईल," हौसराव ओरडला.

"दुपारचे बारा वाजलेत," मीरासाहेब म्हणाले. "सख्ख्या भाच्यांची नावं येत नाहीत आणि दोन एकर पाहिजेत. लाज वाटू दे जरा." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आता शेवटचं. नीट ऐका, आक्का. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, समजून उमजून लिहून दिले असे.' हे खरं असेल तरच अंगठा द्यायचा."

बाई हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

"आयच्या दहाव्याला भावानं माझ्यापुढं असाच कागुद ठिवला हुता. रेशनकार्डाचं हाय म्हणाला. दिला मी अंगठा. तवापासनं दुसऱ्याच्या रानात कांदं काढतीया. त्या कागदात बी लिहिलं असंल का हो, राजीखुशीनं?"

"असणारच."

"मुडदा बशिवला त्याचा!"

मीरासाहेबांचा तोल सुटला. त्यांनी टेबलावर हात आपटला. "एकदा फसवून पोट भरलं नाही का रे तुझं?"

"त्यो मी न्हाई ओ!" हौसराव किंचाळला.

"मग कोण?"

हौसराव टेबलावरचा दस्त स्वतःकडं ओढू लागला.

"फाडू का दस्त, आक्का? तुम्ही नुसतं हो म्हणा. ह्याला मी बघतो," मीरासाहेब म्हणाले.

"नगं. अंगठा आत सायबापुढंच देते," बाई म्हणाली.

हौसरावाचा जीव भांड्यात पडला.

आत रजिस्ट्रार साहेबांच्या टेबलाशी हौसरावाचा मेव्हणा पप्पू ओळख पटवायला उभाच होता. "व्हय साहेब, ह्याच तुळजाबाई. लहानपणापासनं बघतोय मी," तो एका दमात बोलला. पाठ केलेलं बरं आलं होतं त्याला.

साहेबांनी दस्त चाळला आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "तुळजाबाई, दस्त वाचून दाखवला ना? समजला? राजीखुशीनं देताय?"

बाईनं अंगठा पॅडवर दाबला. हौसरावानं घाईघाईनं कागद तिच्यापुढं ओढला आणि अंगठा कुठं द्यायचा तिथं बोट ठेवलं. "हितं, आक्का. हितं."

बाईनं निळा अंगठा कोऱ्या पदराला पुसला. एकदा पुसला, मग पदर गुंडाळून पुन्हा पुसला.

"सगळं समजलं, साहेब," ती म्हणाली. "आता पाटसवरनं त्या तुळजाबाईला बोलवा, आन् तिला बी असंच वाचून दावा. मी सरूबाई. सकाळी केडगावच्या ठेसनावरनं ह्यानं मला रोजानं आणलीया."