लाटेचा ठेका

"बदक चाललंय बघा!" सुलभाकाकू ओरडल्या आणि सगळं गाव हसलं.

हंड्याच्या शर्यतीत जिचं पाणी कमी सांडेल ती जिंकते, आणि सहा वर्षं काकूच जिंकत होत्या. नववीतली केतकी मात्र छोटी पावलं टाकत तुरुतुरु चालत राहिली. पावलांचा आणि पाण्याच्या हेलकाव्यांचा ठेका जुळला की लाट फुगतच जाते, हे तिनं घरी बादली घेऊन ताडून पाहिलं होतं. म्हणून तिनं ठेका जुळूच दिला नाही.

तरी शेवटी काकूंचंच पाणी बोटभर जास्त उरलं. त्यांच्या हंड्यात पळसाची पानं तरंगत होती. पानांखाली लाट उठलीच नव्हती.

केतकीचा चेहरा पडला. काकूंनी तिच्या हंड्यात डोकावून पाहिलं. "पानांशिवाय एवढं राखलंस, कार्टे?" मग सगळ्यांना ऐकू जाईलसं म्हणाल्या, "बक्षीस मी नेते हो. पण पुढच्या वर्षी पानं हिला देणार आणि मी घरी बसणार!"