पाणीमंत्रिपदाचं एक मत

“डोकी बाकावर! डोळे बंद! चोरून बघेल तिचं मत बाद!”

वळसंगकरबाईंनी टेबलावर पट्टी आपटली आणि नववी ‘ब’च्या चाळीस मुलींच्या ऐंशी वेण्या बाकांवर पसरल्या.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होती. मुख्यमंत्री ठरली, आरोग्यमंत्री ठरली, सहलमंत्रिपदावरून तर रडारडसुद्धा झाली. उरलं पाणीमंत्रिपद. म्हणजे काय, तर रोज सकाळी व्हरांड्यातला रांजण भरायचा. त्याला दोघीच उभ्या होत्या. एक महानंदा, नवी पेठेतल्या कापडदुकानवाल्यांची. दुसरी विजयमाला, नातेपुत्याजवळच्या वाडीवरून जूनमध्येच वसतिगृहात आलेली. शेवटच्या बाकावर ती एकटीच बसायची.

तिचं भाषण एका वाक्याचं होतं. “मी रोज रांजण भरीन, कुनालाबी तहानलेलं ठिवनार न्हाय.”

“ठिवनार न्हाय!” सगळीकडून खिदळणं.

फक्त अमेरिकेची कॅरन हसली नाही, कारण तिला कळलंच नव्हतं. विद्यार्थी अदलाबदल योजनेतून ती वर्षभरासाठी आली होती. वर्गानं दोन दिवसांत तिची ‘किरण’ केली, पण बसवली मात्र फळ्याजवळ, बाईंच्या टेबलाशेजारी, वेताच्या खुर्चीवर. पाहुणी ना! पाहुणीला मतही नव्हतं.

“महानंदासाठी हात वर!”

परकरांची, बाह्यांची सळसळ झाली. बाई मोजायला लागल्या आणि मध्येच म्हणाल्या, “पुरे, पुरे.”

“विजयमालासाठी!”

काहीच सळसळलं नाही. विजयमालाच्या नाकाला बाकाच्या लाकडाचा आणि सांडलेल्या शाईचा वास येत होता. तिनं स्वतःचा हात वर केला नाही. तिचे वडील, आप्पा, सांगायचे, पंगतीत आपलं आपण वाढून घेऊ नये.

बराच वेळ गेला.

“एक,” बाई म्हणाल्या.

एक! पडली ती पडलीच, पण एक!

तिच्या कंपासपेटीत एक पोस्टकार्ड होतं. ‘आप्पा, मला न्यायला या. हितं माझं कुनी न्हाय.’ पत्तासुद्धा लिहून झाला होता. एकदा घरी गेलं की शाळा संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चिमाबाईआत्या आपल्या धोंडीरामसाठी हिला मागून बसलेलीच होती. तरी त्या दिवशी ती कार्ड टाकायलाच निघाली होती. नाही टाकलं. कुणीतरी होतं की!

“बाई, त्ये मत कुनाचं हुतं?”

“गुप्त मतदान म्हणजे काय गं, विजयमाला?” बाई म्हणाल्या आणि हजेरीपट उचलून चालू पडल्या.

मग तिनं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर एकोणचाळीस नावं लिहिली. आणि शोध सुरू. एकीला शेंगाचटणी दिली, एकीचा नकाशा काढून दिला, एकीच्या मागं मागं पार बसथांब्यापर्यंत गेली. विचारायचं तेच. उत्तरही तेच. “मी? छे गं! मी महानंदाला दिलं.” शिवबाई तर म्हणाली, “मला बाकावर झोपच लागली होती, शप्पथ.” दर वेळी एका नावावर काट. रविवारी वसतिगृहात बार्शीच्या मुलींचे आईवडील डबे घेऊन यायचे. ही जिन्यात बसून वही उघडायची. अजून सोळा उरल्या. अजून नऊ. अजून दोन.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला आणि शेवटच्या नावावर काट बसली.

म्हणजे बाईंनीच दया करून ‘एक’ म्हटलं असणार. झालं! मधल्या सुट्टीत ती कार्ड घ्यायला वर्गात आली.

वर्ग रिकामा होता. खुर्चीवर किरण तेवढी होती, मांडीवर डबा घेऊन. सकाळी सगळ्या तिला घेरून विचारायच्या, अमेरिकेत भाकरी असते का, बर्फ गोड असतो का. डबे उघडले की मात्र आपापल्या घोळक्यात. ज्या काकूंकडे ती राहायची त्यांनी तिला थोडं थोडं मराठी शिकवलं होतं.

“तू का रडते?” किरणनं विचारलं.

“न्हाय रडत. मला एक मत पडलं हुतं. त्ये कुनाचंच न्हाय.”

किरणनं कपाळ टेबलावर टेकवून दाखवलं. “त्या दिवशी? सगळ्या झोपल्या तेव्हा? हात माझा होता.”

“तू मत दिलंस व्हय मला?”

“मत नाही. प्रश्न.” किरण एकेक शब्द शोधत होती. “इथं प्रश्न असला की उभं राहतात. आमच्या शाळेत हात वर करतात. मी केला. बाईंनी नुसता हात बघितला, बोलल्या, एक. मी खाली घेतला.”

म्हणजे दयासुद्धा नव्हती. नुसती चूक होती. विजयमालानं कंपासपेटीतून कार्ड काढलं आणि दाराकडे निघाली. बाहेर व्हरांड्यात महानंदाचा रांजण कोरडा ठणठणीत होता.

दारात तिला वाटलं, आपण मात्र हिला विचारलंच नाही.

“काय इचारायचं हुतं तुला?”

किरण उठून उभी राहिली. चार महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिनं शेवटच्या बाकाकडं, विजयमालाच्या दप्तराशेजारच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं.

“मी तिथं बसू का?”