दोन ग्रंथपाल, दोन गुच्छ

प्राचार्यांनी दोन्ही नव्या ग्रंथपालबाईंना गुच्छ दिले आणि ‘ग्रंथालय हा कॉलेजचा आत्मा’ यावर पाऊण तास भाषण ठोकलं. तपासणीला आलेल्या समितीनं पुस्तकांनी भरलेली कपाटं लांबूनच पाहिली, ‘उत्तम’ असा शेरा मारला आणि ती जेवायला गेली.

थोरल्या बाई शाळेतली नऊ वर्षांची नोकरी सोडून आल्या होत्या. कामाला हात शिवशिवत होते. त्यांनी लगेच पहिलं पुस्तक उघडलं आणि त्या चपापल्या. आत शिक्का दुसऱ्याच कॉलेजचा.

“भाऊसाहेब, हे पुस्तक आपलं नाही.”

“एकही आपलं नाही, बाई,” रिकामी खोकी मांडत हेडक्लार्क म्हणाले. “संस्थेची कॉलेजं चार, पुस्तकं एकाच ग्रंथालयाची. जिथं तपासणी, तिथं ती जातात.”

“म्हणजे उद्या ही कपाटं रिकामी?”

“उद्या कशाला? टेम्पो खाली उभाच आहे.”

“मग आम्ही दोघींनी काय रिकाम्या कपाटांची राखण करायची?”

“छे, छे! शिकलीसवरलेली माणसं असं कोण वाया घालवेल? ड्रायव्हरशेजारी तुमच्या दोन जागा धरल्यात. सोमवारी पुढच्या कॉलेजात तुमचं स्वागत आहे.”

भाऊसाहेबांनी टेबलावरचे गुच्छ उचलले, प्लास्टिकची फुलं रुमालानं पुसली आणि बाईंच्या हातात दिली.

“हे मात्र मांडीवर नीट धरा हं. उरलेल्या तिन्ही कॉलेजांत हेच द्यायचेत तुम्हाला.”