नावं कोरायचं यंत्र

"चोर आहात तुम्ही! म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातले दात पळवता, आणि वर आमच्यासमोर बसून बिस्किटं खाता!"

ड्यूल्सी प्रुइटनं टेबलावर हात आपटला. समोर बसलेल्या रोवीनानं, म्हणजे वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकेनं, हातातलं बिस्किट हळूच बशीत ठेवलं.

"ड्यूल्सीबाई, दात कुणी पळवत नाही हो. धुताना इकडचे तिकडे होतात. आणि तुमचं तर आजवर काहीच हरवलेलं नाही. मग तुम्हीच का भांडताय?"

"मी नाही भांडायचं तर कुणी? या क्लेमनं? बघा त्याच्याकडं. भोपळ्याच्या लगद्यावर जगतोय माणूस!"

शेजारी बसलेल्या क्लेमनं गाल आत ओढून दाखवले. कवळी हरवल्यापासून त्याला हे छान जमायला लागलं होतं.

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या निवासात ईस्टर झाल्याबरोबर, म्हणजे तिकडं थंडी सुरू होतानाच, वरच्या लोकांनी बैठकीच्या खोलीला कुलूप घातलं. कारण काय, तर ती गरम ठेवायला वीज फार जळते. वरचे लोक दूर होबार्टच्या मुख्य कचेरीत बसतात. त्यांचे पाय कधी गारठत नाहीत. इथं मात्र जो तो आपल्या खोलीत, आपल्या टीव्हीसमोर, ताट मांडीवर घेऊन जेवायला लागला. भिंतीपलीकडची शेजारीण आयव्ही वारली, हे ड्यूल्सीला तिचं कपाट बाहेर निघालं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट डोक्यात घेतली: ती खोली परत उघडायची. अर्ज केले, फोन केले, आरडाओरडा केला. वरून हूं की चूं नाही.

मग हिवाळ्यात वस्तू हरवायला लागल्या. कुणाचा चष्मा, कुणाची कवळी, कुणाचं कानातलं यंत्र. काही हरवलं की सगळीकडं शोधून शेवटी रोवीना त्या खोलीचंही कुलूप काढायची, सगळे मिळून कोचाच्या उशा उलथ्यापालथ्या करायचे, कुणीतरी चहा टाकायचं, आणि दुपारभर नुसता कल्ला. सापडलेला चष्मा चार नाकांवरून फिरायचा. मग पुन्हा कुलूप.

शेवटी वरून फर्मान आलं. प्रत्येक वस्तूवर नाव कोरा. यंत्र कुठलं, ते रहिवाशांनी ठरवा.

ड्यूल्सीनं ते काम स्वतःकडं ओढून घेतलं. तीन दुकानदारांना तिनं एकेक काचेचा पेला आणि जुन्या कवळीचा एकेक तुकडा नाव कोरून बघायला पाठवला होता. परत आलेले ते सगळे आता टेबलावर मांडलेले होते.

"हे निळ्या किरणाचं," ती म्हणाली. "स्वस्त आहे. पण किरण पेल्यातून आरपार गेला, काचेला पत्ताच नाही. हे दुसरं. यात नाव उठलंय, पण बोट फिरवून बघा."

रोवीनानं बोट फिरवलं. "अगं बाई, टवके उडालेत."

"आणि कवळी वितळलीय. ही कुणाच्या तोंडात घालायची? तुमच्या? आता हा तिसरा पेला बघा. यूव्ही लेझर. जवळजवळ तापतच नाही."

रोवीनानं पेला उजेडात धरला. पहाटेच्या दहिवरासारखी बारीक पांढरी अक्षरं. गुलाबी कवळीवरही नाव स्वच्छ उमटलं होतं, आणि नखाला काहीच लागत नव्हतं.

"ठरलं तर. यातच एक लहान, उघडं मॉडेल आहे ना? ट्रॉलीवर मावेल. आमच्याकडची मदतनीस मुलगी खोल्याखोल्यांतून फिरवील. कुणाला जागचं हलायला नको."

ड्यूल्सीचा चेहरा पडला.

"उघडं?" ती कशीबशी म्हणाली. "न दिसणारा किरण तो! कुणाच्या डोळ्यांत गेला म्हणजे? टेबलावरचंच घ्यायचं, चारी बाजूंनी बंद. आणि प्लास्टिकचा धूर निघतो, त्याची नळी खिडकीबाहेर सोडावी लागते. आमच्या खिडक्या तुम्हीच खिळे मारून बंद केल्यात."

"मग ठेवायचं कुठं?"

"उघडणारी खिडकी इथं एकाच खोलीला आहे."

रोवीनानं हातातला पेला खाली ठेवला. "वरचे विचारतील मला."

"विचारू देत. कुणाचा डोळा गेला तर पेपरवालेही विचारतील."

"रांग लागेल," क्लेम पुटपुटला. "माझे गुडघे... खुर्च्या लागतील."

"खुर्च्या आतच आहेत," ड्यूल्सी म्हणाली.

"थंडी वाजेल."

"हीटरही आतच आहे."

"चहा..."

"पुरे, क्लेम!" रोवीनाला हसू आवरेना. "तुम्ही दोघं माझी नोकरी घालवणार." ती फोन घेऊन बाहेर गेली. दाराच्या काचेतून तिच्या येरझाऱ्या दिसत होत्या. ड्यूल्सीनं क्लेमचा हात घट्ट धरला आणि तो दुखेस्तोवर सोडला नाही.

रोवीना परत आली आणि तिनं जुडग्यातली एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. यंत्र आहे तोवर."

यंत्र आलं त्या दिवशी खोलीत बसायला जागा उरली नाही. माणसं आपल्या वस्तूंवर नावं कोरून घेत होती, आणि काम झालेली माणसंही उठायला तयार नव्हती. कुणीतरी चष्म्यावर गेलेल्या नवऱ्याचं नाव घालून घेतलं. त्यावरून वाद पेटला, मग हशा पिकला. हीटर धगधगत होता. ड्यूल्सी खिडकीपाशी उभी राहून हे सगळं डोळे भरून बघत होती.

क्लेम चहात केक बुडवत तिच्याजवळ आला.

"झालं मनासारखं?"

"झालं."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"मग आता तरी सांग, बाई. माझे दात कुठं लपवलेस?"