गावपळणीतली हजेरी

विश्रामने पट्टी धरून पेन्सिलीची रेघ ओढली आणि त्या खरखरीनेच तो दचकला. अख्ख्या गावात तेवढाच एक आवाज होता.

गावपळण कालपासून लागली होती. देवाचा कौल झाला की तीन दिवस गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचं. ते तीन दिवस गाव आपलं नव्हे. ज्यांचं आहे त्यांना ते मोकळं सोडायचं. मध्येच आत पाय टाकणाऱ्याचं काय होतं, ते सांगायला कुणी उरत नाही, असं म्हातारी माणसं ठासून सांगत. आणि विश्राम भरदुपारी, बायकोला बाजाराचं निमित्त सांगून, मळ्याच्या बांधाआडून आत शिरला होता आणि काथ्याच्या कारखान्याच्या कचेरीत बसला होता.

याला कारण कोल्हापूरहून आलेले नवे साहेब. "वर्षभराची हजेरी मला एका कागदावर दिसली पाहिजे. डावीकडे नावं, वर तारखा. तक्ता उद्याच मुख्य कचेरीत न्यायचाय. तुमचं गाव पळतं, कचेरी पळत नाही. जमत नसेल तर सांगा, कायम करायला दुसरा माणूस बघतो." विश्राम लग्नाआधीपासून टेंपरवारी कारकून होता, आता पोरं शाळेत जायला लागली होती. हजेरीचं मस्टर कपाटात आणि कपाट गावात. बाहेर न्यावं तर कुठून आणलंस म्हणून गाव विचारणार. इकडे आड, तिकडे विहीर.

धीर यावा म्हणून तो नावं मोठ्याने म्हणत लिहू लागला, रोज सकाळी पुकारायचा तशीच. "मथुरा... सुगंधा... सावित्री..."

"सावित्रे, इलंस गो?"

आवाज भिंतीपलीकडून आला. बाईचा, पण खोल गेलेला. विश्रामची पाचावर धारण बसली. गावच्या देवाचं, रवळनाथाचं नाव घेत तो टेबलाखाली शिरला.

"पाणी दी गो मगे," असं म्हणून तो आवाज खोकला.

भुताला तहान लागते हे विश्रामने ऐकलं होतं. भूत खोकतं हे कुणी सांगितलं नव्हतं. जीव मुठीत धरून तो शेजारच्या घरामागच्या परड्यात उतरला आणि कारखान्यात कामाला येणाऱ्या सावित्रीच्या त्या घरात मागच्या दारातून डोकावला. चटईवर तिची सासू राधाबाई पडली होती. अर्धांगाने पाय गेलेली म्हातारी. हिला कुडाळला नणंदेकडे पोचवली असं सावित्रीने काल सगळ्यांना सांगितलं होतं.

"कोण तू?" म्हातारीने विचारलं.

"मी इश्राम. कारखान्यातलो. हजेरीचो तक्तो करूक इलंय, नायतर नोकरी जाता. पण तू हय कशी गो?"

"माका उचलूक पुरुषमाणूस व्हयो. झिल, सावित्रीचो घोव, गोव्याक. वाडीत आमच्याशी कोण बोलणत नाय, ती बापडी कोणाच्या पाया पडतली? मीच सांगलंय, जा बाय. तीन दिस असेच जातत."

उशाशी ठेवलेला तांब्या लवंडून कोरडा पडला होता. विश्रामने कळशीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. अंग तापाने भाजत होतं. ती गटागटा प्यायली आणि म्हणाली, "आता जा. तू माका बघूक नाय, मी तुका बघूक नाय."

सौदा वाईट नव्हता. विश्राम परत येऊन टेबलाशी बसला. पट्टी ठेवली, पेन्सिल घेतली, पण रेघ काही सरळ येईना. तिथेच राहिली तर म्हातारी उद्याची सकाळ बघणार नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि तिला बाहेर काढावी तर आपणच आत होतो हे उघड होणार. मग वर्षभरात कुणाची गाय मेली तरी ती आपल्याच माथी. पोरांशी कुणी खेळणारसुद्धा नाही. भीतीने त्याला खरोखरच रडू फुटलं. नाक ओढत तो उठला. अर्धा झालेला तक्ता टेबलावरच राहिला.

म्हातारी वाटली होती त्याहून जड निघाली. तिला पाठीवर घेऊन तो निघाला खरा, पण मागे बघायची छाती नव्हती. वाऱ्याने कुणाची तरी कवाडी वाजली तसा तो तिच्यासकट धावत सुटला. बांध उतरून एस्टीच्या रस्त्याला लागला, तेव्हा झोपड्यांपुढे चुली पेटत होत्या. बायका उठून उभ्या राहिल्या. महादू गावकर, ज्याच्या शब्दावर गाव हलतं, तो पुढे आला.

"रे इश्राम, ही खंयसून?"

पलीकडे सावित्री हातात कळशी घेऊन थिजली होती.

"कुडाळसून," राधाबाई त्याच्या खांद्यावरून म्हणाली. "लेकीकडे माका करमाक नाय. ह्यो एस्टीत मेळलो. म्हटलंय, माका माझ्या माणसांत व्हर."

महादूने विश्रामच्या पायांना लागलेल्या मळ्याच्या चिखलाकडे पाहिलं. मग म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"सावित्रे," तो म्हणाला, "सासू कुडाळसून इली तुझी. आंथरूण घाल."

आंथरुणावर टेकवताना राधाबाईने विश्रामचा हात सोडला नाही. तो सारखा महादूकडे वळून बघत होता.

"तुझां काम अर्ध्यार रवलां मां रे?" तिने त्याच्या कानात विचारलं.

"रवलां."

"नोकरी?"

"गेली म्हणान समज."

"मगे आता," म्हातारी म्हणाली, "भियाचां काय रवलां?"